खिळे कोण वाकवतं?

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि तेव्हापासून एक उदाहरण सारखं माझ्या कानावर येतंय. विषय रमीच्या अ‍ॅपचा असो नाहीतर क्रिकेटवर संघ लावण्याचा, कुणीतरी म्हणतंच, "अहो, अमेरिकेत एकेकाळी पिनबॉलवरसुद्धा बंदी होती! न्यूयॉर्कच्या महापौरानं घण घालून यंत्रं फोडली. आज सगळे त्याला हसतात." समोरचा एकतर गप्प बसतो किंवा "जुगार तो जुगारच" म्हणून विषय संपवतो. मला दोघांचंही पटत नाही. एकाला अर्धाच इतिहास ठाऊक असतो आणि दुसऱ्याला तो जाणून घ्यायचाच नसतो. पिनबॉलच्या, म्हणजे नाणं टाकून गोळ्या सोडायच्या त्या यंत्राच्या, इतिहासातून बंदी मूर्खपणाची ठरत नाही, तसं यंत्रही वाईट ठरत नाही. त्यातून कळतं ते हे, की 'खेळ कौशल्याचा की नशिबाचा' या प्रश्नावर आपण जी शक्ती खर्च करतो ती वाया जाते. यंत्रातून पैसे कुठून बाहेर पडतात आणि ते देणाऱ्याच्या हातात काय काय असतं, हे आधी विचारायला हवं.

माझ्या आजोळी एक बॅगाटेल होतं. हिरव्या रंगाची लाकडी फळी, वरची बाजू अर्धगोल, पितळी खिळ्यांची कडी, उजवीकडे स्प्रिंगचा दट्ट्या आणि पितळी डबीत दहा छर्रे. मे महिन्याच्या दुपारी फळीच्या वरच्या टोकाखाली पुस्तक सरकवून आम्ही तासन् तास खेळायचो. शंभरच्या घरात छर्रा कसा पाडायचा, हे माझ्या मामेभावाला साधलं होतं. दट्ट्या दोन पेरं ओढायचा, क्षणभर थांबायचं आणि सोडायचा. गावच्या जत्रेत अगदी तशीच फळी घेऊन एक माणूस बसायचा. चार आण्याला तीन छर्रे. शंभरच्या घरात एक जरी पडला तरी स्टीलचा डबा. घरी दहातले पाच-सहा छर्रे नेमके पाडणाऱ्या मामेभावाला तिथे एकही पाडता आला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही अगदी जवळ वाकून पाहिलं. शंभरच्या घराच्या तोंडावरचे दोन खिळे एकमेकांकडे किंचित झुकलेले होते. छर्रा जाईल एवढी फट होती, पण वरून अगदी सरळ आला तरच. फळी तीच, खेळ तोच, हातातलं कसबही तेच. फरक एवढाच होता की इथे छर्रा आत गेला तर फळीच्या मालकाला डबा द्यावा लागणार होता.

अमेरिकेतल्या पिनबॉलचा जन्म याच फळीतून झाला. इंग्लंडहून येऊन ओहायोमधल्या सिनसिनाटीत स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्हनं १८७१ साली बॅगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. काठीनं गोळी ढकलण्याऐवजी त्यानं स्प्रिंगचा दट्ट्या बसवला, मोठ्या टेबलाचा खेळ फळीएवढा केला. पण त्याचा धंदा व्हायला महामंदी यावी लागली. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबनं 'बॅफल बॉल' काढला. दुकानाच्या गल्ल्यावर मावेल एवढी पेटी, वर काच, आत खिळे आणि खळगे. वीज नाही, दिवे नाहीत, आज आपण ज्यावरून पिनबॉल ओळखतो ते, खाली येणारी गोळी कळ दाबून परत वर मारणारे फ्लिपरही नाहीत. एका सेंटला पाच ते सात गोळ्या. पेटीची किंमत साडेसतरा डॉलर आणि विक्री पन्नास हजारांवर. खिशात जास्त पैसे नसलेल्या, हाताला काम नसलेल्या माणसाला एका सेंटमध्ये दहा मिनिटं गुंतवून ठेवणारी ही गोष्ट होती. मागणी एवढी की गॉटलीबचा माल विकणाऱ्या रेमंड मॉलनीला पुरेशा पेट्या मिळेनात, म्हणून १९३२ साली त्यानं स्वतःचा 'बॅलीहू' काढला. त्याच नावातून पुढे 'बॅली' ही कंपनी उभी राहिली. इथपर्यंत या खेळाला नावं ठेवावीत असं काही नव्हतं. फार तर दुकानदार जास्त गुण करणाऱ्याला एखादी सिगार द्यायचा.

नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांचं दुसरं घराणं मात्र आधीपासून वाढत होतं आणि त्याला खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. १८९१ साली ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट यांनी पत्त्यांचं यंत्र काढलं. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, पाच पानं समोर येतात. पोकरचा हात जमला तर बारवाला बिअर नाहीतर सिगार देतो. यंत्र स्वतः पैसे देत नव्हतं, कारण पत्त्यांच्या जुळण्या इतक्या की प्रत्येकीसाठी वेगळी रक्कम मोजणारी यंत्रणा बसवणं कठीण होतं. ही अडचण बव्हेरियातून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या चार्ल्स फे या कारागिरानं सोडवली. पाच पानांऐवजी तीन चाकं, प्रत्येकावर दहा खुणा, म्हणजे सगळ्या मिळून हजार जुळण्या. एवढं गणित यंत्राला झेपतं. तीन घंटा एका ओळीत आल्या की खालच्या वाटीत पन्नास सेंटची नाणी पडायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतलं हे 'लिबर्टी बेल' म्हणजे स्लॉट मशीनचं मूळ. यात खेळणाऱ्याच्या हाताला काय काम उरलं? दांडा ओढणं. फेनं मिळवलं ते यंत्राकडूनच नाणी मोजून देणं, आणि त्यासाठी त्याला खेळ इतका सोपा करावा लागला की त्यात खेळ उरलाच नाही. पैसे द्यायचे तर शक्यता मोजलेल्या हव्यात आणि शक्यता मोजायच्या तर खेळणाऱ्याचा हात मधून काढायला हवा. पुढचा सगळा इतिहास या एका ओढीनं घडला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोनं १९०९ साली ही यंत्रं बंद केली. मग धंद्यानं काय केलं? शिकागोच्या मिल्स कंपनीनं यंत्रावर फळं रंगवली: चेरी, लिंबू, संत्रं, आलुबुखार. आम्ही जुगार कुठे चालवतो, आम्ही तर च्युइंगम विकतो, ही फळं म्हणजे गमचे स्वाद! स्लॉट मशीनवर आजही दिसणारं 'बार' हे चिन्ह मुळात गमच्या वेष्टनावरचं लेबल होतं. काही यंत्रं प्रत्येक नाण्यामागे मिंटच्या गोळ्यांची पुडी देत. काहींवर एक छोटी खिडकी असायची आणि पुढच्या नाण्याला काय मिळणार ते तिच्यात आधीच दिसायचं. या डावात अनिश्चित काही नाहीच, मग जुगार कसला, असा युक्तिवाद. न्यायाधीशांना त्यातली मेख कळायला वेळ लागला नाही: माणूस नाणं टाकतो ते खिडकीत आत्ता दिसणाऱ्या आकड्यासाठी नाही, त्यानंतर उमटणाऱ्या आकड्यासाठी. शंभर वर्षांपूर्वीच्या या क्लृप्त्या मी मुद्दाम सांगतोय. 'कौशल्य' हा शब्द या धंद्यानं ज्या कपाटातून काढला, त्याच कपाटात गम आणि मिंटच्या गोळ्याही ठेवलेल्या होत्या.

ही दोन घराणी १९३३ साली एकत्र आली. बॅली कंपनीच्या 'रॉकेट' या पिनबॉलमध्ये गोळी ठरावीक खळग्यात पडली की यंत्रच नाणी बाहेर टाकू लागलं. त्यानंतर पिनबॉलचं काय झालं ते बघा, कारण बंदीला हसणारे लोक नेमकं हेच वगळतात. बॅफल बॉलमध्ये एका सेंटला पाच ते सात गोळ्या मिळत. पैसे देणाऱ्या नव्या पिनबॉलचा जो सर्वांत चालणारा प्रकार निघाला, त्याचं नावच 'वन-बॉल': पाच सेंट टाका, एक गोळी मिळेल. घोड्यांच्या शर्यतीची चित्रं, वर शक्यतांचे आकडे, एक गोळी, काही सेकंद, खलास. पुढचं नाणं टाका. जो खेळ माणसाला एका सेंटमध्ये रमवायचा, तो आता कमीत कमी वेळात जास्तीत जास्त नाणी कशी आत घेईल या हिशेबानं घडवला जाऊ लागला. कुणी दुष्ट माणूस मध्ये आला म्हणून हे झालं नाही. बक्षीस द्यायचं ठरलं की ते भरून काढायला उलाढाल वाढवावी लागते आणि उलाढाल वाढवायची तर गोळ्या कमी कराव्या लागतात. जत्रेतल्या त्या माणसाशीही माझं वैर नाही. डबा द्यायचा होता म्हणून त्याला खिळे वाकवावे लागले.

याच काळातली हॅरी विल्यम्सची गोष्ट सांगतात. त्यानं पाहिलं की गिऱ्हाईक पेटीला खालून हाताचे तडाखे देऊन गोळी हवी तिकडे वळवतात. सुरुवातीला त्यानं पेटीच्या तळातून खिळे ठोकले, टोकं बाहेर. ते रानटी आहे हे त्याचं त्यालाच जाणवलं आणि मग यंत्र हललं की डाव बाद करणारी युक्ती त्यानं शोधली. तीच पुढे 'टिल्ट' म्हणून प्रसिद्ध झाली.

आता १९४२ कडे येऊ. फिओरेलो ला गार्डिया १९३४ साली न्यूयॉर्कचा महापौर झाला आणि त्याच वर्षी त्यानं फ्रँक कॉस्टेलोसारख्या गुंडांची स्लॉट मशीन जप्त करून घणानं फोडली, पडावात भरून समुद्रात बुडवली. जानेवारी १९४२ मध्ये, अमेरिका युद्धात उतरून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, पिनबॉलची पाळी आली. छापे पडले, हजारो यंत्रं जप्त झाली, त्यांचा धातू युद्धसामग्रीसाठी गेला आणि लाकडी पायांचे पोलिसांसाठी दंडुके झाले. शाळकरी पोरांच्या डब्याच्या पैशांवर हा धंदा पोसला जातो, असं ला गार्डियाचं म्हणणं होतं. छायाचित्रांत घण उगारलेला बुटका महापौर पाहून आज हसू येतं, कारण आपल्या डोळ्यांपुढे येतो तो फ्लिपरचा पिनबॉल. पण १९४२ साली फ्लिपर कुठे होते? ते आले १९४७ साली, गॉटलीबच्याच 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात, हॅरी मॅब्सच्या डोक्यातून. ला गार्डियानं फोडलेल्या यंत्रात गोळी एकदा सोडली की तिला परतवायचा कुठलाही मार्ग खेळणाऱ्याकडे नव्हता, ढकलण्या-हलवण्यापलीकडे. त्यातली कितीतरी पैसे देत होती. तो ज्या वस्तूवर घण घालत होता आणि आपण आज जिला पिनबॉल म्हणतो, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

याचा अर्थ ला गार्डियाचं सगळं बरोबर होतं असा मुळीच नाही. पैसे देणारं यंत्र आणि न देणारं यंत्र यांत त्याच्या बंदीनं फरक केला नाही. मिठाईच्या दुकानात कोपऱ्यात ठेवलेली साधी पेटी आणि गुंडांच्या टोळीची पेटी एकाच गाडीतून गेली. त्याहून मोठा दोष त्याच्यानंतर आलेल्यांचा. १९४७ नंतर यंत्र मुळापासून बदललं तरी बंदी तशीच राहिली, एकूण ३४ वर्षं. या काळात न्यूयॉर्क राज्यानं १९६७ साली स्वतःची लॉटरी काढली. १९७१ साली तर न्यूयॉर्क शहरानं घोड्यांच्या शर्यतींवर पैसे घेणाऱ्या सरकारी खिडक्या उघडल्या. म्हणजे पाच वर्षं अशी होती की नगरपालिका स्वतः घोड्यावर पैज घेत होती आणि एक दमडी न देणारा पिनबॉल त्याच शहरात गुन्हा होता. यावर हसा, जरूर हसा. पण बंदी होती म्हणून हसू नका. कायद्याची नजर लाकडी पेटीवर खिळून राहिली आणि पैशाची खिडकी मात्र सुटून गेली, ही खरी हसण्यासारखी गोष्ट.

कौशल्याची बाजू मांडणाऱ्यांकडे सर्वांत भारी पुरावा आहे तो १९७६ चा. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकारानं न्यूयॉर्कच्या नगरसेवकांपुढे यंत्र खेळून दाखवलं. आणलेल्या दोन यंत्रांपैकी ऐनवेळी दुसऱ्यावरच खेळायला लावलं, तरी तो डगमगला नाही. शेवटी त्यानं सांगितलं की आता गोळी वरच्या मधल्या वाटेनं जाईल. दट्ट्या ओढला, सोडला, गोळी तिथूनच गेली. बंदी उठली. गोष्ट सुंदर आहे आणि मला मनापासून आवडते. पण त्या एका फटक्यात नशिबाचाही मोठा हात होता, हे शार्पनं पुढे स्वतःच मोकळेपणानं मान्य केलं. मग विचार करा: गोळी जरा उजवीकडून गेली असती तर? पिनबॉल त्या दिवशी जुगार ठरला असता? ज्या कसोटीचा निकाल एका गोळीच्या घरंगळण्यावर फिरतो, तिला कसोटी कसं म्हणायचं? त्या यंत्राचं निरपराधपण शार्पच्या हातात नव्हतं. त्या यंत्राला नाणी पडण्याची वाटीच नव्हती, याकडे त्या दिवशी फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

फ्लिपर आल्यावर काय झालं, हा माझ्या मते या सगळ्या वादातला निर्णायक पुरावा आहे. कौशल्य खरंच या धंद्याचा आत्मा असतं तर बाजारातल्या प्रत्येक पिनबॉलनं फ्लिपर बसवून घेतले असते. करमणुकीच्या यंत्रांनी ते लगोलग बसवले. एक-दोन वर्षांत फ्लिपर नसलेलं नवं यंत्र जुनाट वाटू लागलं. मात्र पैशांसाठी खेळल्या जाणाऱ्या यंत्रांनी त्यांना हात लावला नाही. १९५१ साली स्लॉट मशीनची राज्याराज्यांतली वाहतूक रोखणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत आला आणि त्याच सुमाराला बॅलीनं 'बिंगो' पिनबॉल काढले. पंचवीस भोकं, समोर आकड्यांचं पान, आणि फ्लिपर नाहीत. शेवटपर्यंत आले नाहीत. का? हुशार खेळाडूच्या हातात गोळी परतवण्याची ताकद दिली तर पैसे देणाऱ्याचं दिवाळं निघेल. एकाच शहरातले कारखाने, तेच कारागीर, तेच भाग. जिथे पैसे द्यायचे नव्हते तिथे त्यांनी कौशल्य वाढवलं, जिथे द्यायचे होते तिथे ते शिरू दिलं नाही. कोर्टात वकील काहीही सांगोत, धंद्याला कौशल्याबद्दल काय वाटतं ते त्यानं पेटीच्या आत लिहून ठेवलेलं आहे.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे. पहिला असा, की आपलंच सर्वोच्च न्यायालय कौशल्याचा भेद मानत आलं आहे. खरं आहे. १९५७ सालच्या चमारबागवाला प्रकरणांत, बंगळुरूहून चालणाऱ्या आणि मुंबई राज्यात खपणाऱ्या शब्दकोड्यांच्या स्पर्धेवरून, न्यायालयानं सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हे, मात्र ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं ती जुगारात मोडत नाही. १९६८ साली रमी प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ ठरली. रमीच्या अ‍ॅपवाल्यांनी पुढची सगळी वर्षं हे एकच वाक्य जाहिरातींतून आणि कोर्टातून घोकलं. त्याच निकालातलं पुढचं म्हणणं मात्र क्वचितच कुणी वाचून दाखवतं. पैसे लावून चाललेल्या रमीतून किंवा इतर कुठल्या खेळातून घराचा वा क्लबचा मालक नफा काढतोय असा पुरावा असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो, असंही न्यायालयानं तिथेच म्हटलं आहे. म्हणजे चार मित्रांच्या रमीला संरक्षण मिळालं, रमीच्या प्रत्येक डावातून वाटा उचलणाऱ्याला नाही. १९५७ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कॉर्पन खटला आला होता. यंत्र फक्त फुकट डाव देतं, रोख देत नाही, तेव्हा ते करमणुकीचं. त्यावर वर्षाला दहा डॉलरच कर लागतो, असा बचाव होता. न्यायालयानं पाहिलं की दुकानदार त्या फुकट डावांच्या बदल्यात रोख मोजतो, आणि यंत्र जुगाराच्या खात्यात टाकलं, वर्षाला अडीचशे डॉलर कर. पेटीवर काय लिहिलंय ते नाही, गल्ल्यावर काय चालतं ते बघायचं. मला ही दृष्टी जास्त खरी वाटते.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. बंदीनं धंदा मरत नाही, सरकतो. हे मला पूर्ण मान्य आहे. न्यूयॉर्कमधून हुसकावलेली कॉस्टेलोची यंत्रं लुइझियानात लागली. १९५१ च्या कायद्यानंतर हवाईतल्या एका मंडळीनं अमेरिकी लष्करी तळांवरची स्लॉट मशीन जपानकडे वळवली. त्यांच्या 'सर्व्हिस गेम्स' कंपनीतूनच पुढे व्हिडिओ गेमवाली 'सेगा' जन्मली. आपल्याकडचा मटका तरी काय? सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-बंद होत्या भावांवर मुंबईत आकडा लागायचा. १९६१ साली ते भाव येणं थांबलं, तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या. आकडा कुठून येतो याच्याशी आकडा लावणाऱ्याला कर्तव्य नसतं. म्हणून नुसता कायदा करून हात झटकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण धंदा सरकतो एवढ्यावरून त्याला परवाना द्यावा असं ठरतं का? सरकताना तो लहान होतो की मोठा, हे तपासायला हवं. गुप्तपणे परदेशी साइट शोधणारा माणूस आणि आयपीएलच्या प्रत्येक षटकानंतर लाडक्या खेळाडूच्या तोंडून आमंत्रण मिळणारा कॉलेजातला पोरगा, हे दोघे संख्येनं सारखे असतात असं मानायला मी तयार नाही. नवा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा देत नाही, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला देतो. हा भेद ला गार्डियाच्या घणापेक्षा पुष्कळ शहाणा आहे.

तिसरा मुद्दा दुटप्पीपणाचा, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून चालते. गोव्यानं १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी दिली. कायद्यात त्यांना नाव दिलं 'इलेक्ट्रॉनिक करमणूक'. च्युइंगमच्या फळांपासून या शब्दापर्यंत फार अंतर नाही. सरकारच्या हातात खिडकी असली की ती चालते, खासगी हातात असली की पाप, हा न्याय मला पटत नाही. पण त्याचा उपाय दुसरी खिडकी उघडणं हा नाही. जो माझ्याशी या मुद्द्यावर वाद घालतो त्याला मी विचारतो, तुम्हाला लॉटरी बंद व्हायला हवी आहे का? बहुतेकदा उत्तर 'नाही' असतं.

नव्या कायद्यानं कौशल्य-नशीब हा घोळ बाजूला ठेवून 'पैसे लावले जातात का, पैसे मिळतात का' हे विचारलं, हे त्याचं मोठं काम. बंदीला माझा पाठिंबा आहे तो यासाठी. पुढची परीक्षा मात्र अवघड आहे, कारण पैशाची खिडकी कधी यंत्राच्या पोटात नसते, ती भिंतीपलीकडे असते. जपानमधला पाचिंको पाहा. बॅगाटेलचंच उभं केलेलं रूप, नागोयात वाढलेलं. दुकानात जिंकलेल्या गोळ्यांच्या बदल्यात छोट्या वस्तू मिळतात, रोख नाही. त्या वस्तू घेऊन माणूस बाहेर पडतो आणि शेजारच्या गल्लीतल्या एका खिडकीत सरकवतो. तिथे नोटा मिळतात. कागदोपत्री ती खिडकी पाचिंकोवाल्याची नाही. आणि आत, दुकान बंद झाल्यावर, हातोडी घेऊन खिळ्यांची फट केसाएवढी कमी-जास्त करणं हा तिथे मुरलेल्या हातांचा पेशा होऊन बसला होता. जत्रेतल्या फळीवर मी पाहिले तेच दोन खिळे! म्हणून ज्या सरकारी प्राधिकरणाकडे खेळांची वर्गवारी आहे, त्यानं अ‍ॅपवर काय लिहिलंय ते वाचून शिक्का मारू नये. जिंकलेल्या वस्तूचं, नाण्याचं, पोशाखाचं कुठेही, कुणाकडेही रोखीत रूपांतर होतं का, हे शोधावं. ई-स्पर्धांना कायद्यानं प्रवेश शुल्क आणि बक्षीस दोन्ही ठेवू दिलंय, तिथे शुल्क आणि बक्षीस यांच्यामधला वाटा कोण उचलतो हे दर वर्षी तपासावं. आणि जो खेळ खरंच पैसे देत नाही त्याला, न्यूयॉर्कनं केलं तसं, ३४ वर्षं ताटकळत ठेवू नये.

गेल्या महिन्यात आमच्या एका भाच्याच्या फोनवर पत्त्यांचा खेळ पाहिला. पडद्यावर ठळक अक्षरांत सूचना: इथे खऱ्या पैशांचा व्यवहार होत नाही, ही फक्त खेळातली नाणी आहेत. मी म्हटलं, बरं झालं. त्यानं दुसऱ्या अ‍ॅपवरचा एक गट उघडून दाखवला, साडेतीनशे माणसांचा. तिथे एक जण ती नाणी विकत होता आणि थोडा कमी भाव देऊन परतही घेत होता. पैसे लगेच खात्यात. "तो कंपनीचा माणूस नाही, मामा," भाचा म्हणाला. बिंगो पिनबॉलमध्ये दुकानदाराच्या हाताशी एक कळ असायची. जिंकलेले फुकट डाव तो त्या कळीनं यंत्रावरून पुसायचा आणि तेवढे पैसे गल्ल्यातून मोजून द्यायचा. पेटीच्या आत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा एक छोटा मीटर असायचा. असे किती डाव पुसले गेले, एवढंच तो मोजायचा. मी भाच्याला विचारलं, या माणसाचा हिशेब कोण ठेवत असेल? त्यानं खांदे उडवले आणि फोन खिशात टाकला.